ओव्हरीतली गाठ, बाळंतपण आणि तो सीए-१२५

ताई, तुम्ही लिहिलंय: डिलिव्हरीला तीन आठवडे झाले, डाव्या ओव्हरीत ६ सेंमीची गाठ, सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरची शंका असली की करतात ती रक्ततपासणी) वाढलेलं आणि 'लगेच काढून टाका' असा सल्ला. यातलं सगळं मी थोरलीच्या वेळी भोगलंय. मी डॉक्टर नाही, तेव्हा गायनॅकना विचाराच.

गाठ साधी असेल, म्हणजे पातळ भिंतीची आणि आत नुसतं पाणी, तर ती बहुधा आपसूक ओसरते. गरोदरपणातल्या हार्मोन्सवर पोसलेल्या गाठी बऱ्याच जणींच्या चौथ्या महिन्यापर्यंतच विरतात, काहींच्या बाळंतपणानंतर. माझी नंतर गेली.

मला छळलं ते त्या आकड्याने. जिथे नाव घातलं होतं तिथे डिस्चार्जच्या आधीच, टाके ओले असताना, सीए-१२५ काढलं. रिपोर्टवर ३५ च्या वरचा आकडा, शेजारी ठळक 'हाय'. काउंटरवरच्या बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "कॅन्सरवाली टेस्ट ना?" पहिल्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर लगेच हा आकडा एरवीही वाढतो, हे एकाने तरी सांगावं! उलट ऑपरेशनची तारीख दिली, ॲडव्हान्स घेतला. तो परत मिळवायला नवऱ्याने घातलेले खेटे वेगळेच.

दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून सोनोग्राफीची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. आत घट्ट भाग नाही, जाड पडदे नाहीत. सहा-आठ आठवड्यांनी परत सोनोग्राफी करू, म्हणाल्या. तेव्हा गाठ निम्म्याहून लहान झाली होती, पुढच्या वेळी दिसलीच नाही.

पण माझी गेली म्हणून तुमची जाईलच असं नाही. डर्मॉइड, म्हणजे आत चरबी-केस असलेली गाठ, ओसरत नाही. गाठीत घट्ट भाग असेल किंवा पोटात पाणी झालं असेल, तर वाट बघत बसू नका. आणि एका बाजूला अचानक जीवघेणी कळ येऊन उलट्या झाल्या, तर गाठीला पीळ बसलेला असू शकतो. मध्यरात्र असली तरी निघा. आपल्याकडे बाळंतिणीचं पोट दुखलं की 'वात धरला' म्हणून ओवा आणि शेक सुरू होतो. मला त्याचा फार राग येतो, कारण तेवढ्या वेळात ओव्हरी हातची जाऊ शकते.

पुढच्या सोनोग्राफीला जुनी फिल्म न्या आणि गाठीची तिन्ही मापं रिपोर्टात लिहून मागा, नुसतं '६ सेंमी' नको. फिल्म थर्मल कागदावरची असेल तर आजच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, उन्हाळ्यात कपाटातसुद्धा पुसट होते.