झोपाळ्याशेजारचं लाकडी घड्याळ

प्रश्न : वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सागाचा जुना झोपाळा आहे. त्याला शोभेलसं लाकडी दात्यांचं घड्याळ केलं, पण पावसाळ्यात चाकं अडकतात. काय चुकलं?

उत्तर : चाकं अखंड फळीतून कापलीत ना? माझं पहिलं घड्याळ असंच बंद पडलं. दमट हवेत फळी लाकडाच्या रेषांच्या आडव्या दिशेनं फुगते, चाक किंचित लंबगोल होतं, दाते एकमेकांत रुततात. चाकांना बर्च झाडाचं प्लायवूड घ्या, त्याचे थर उभे-आडवे चिकटवलेले असल्यानं ते फारसं फुगत नाही, दोन्ही बाजूंनी पॉलिश करा. साग चौकटीला ठेवा. झोपाळ्याशी मेळ तिथंच बसेल. लंबक टांगणीपासून वजनाच्या मध्यापर्यंत साधारण ९९ सेंटिमीटर, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा झोका एका सेकंदाचा. दात्यांना तेल नको, लाकूड ते पितं. आसांवर पेन्सिलीचं शिसं घासा.