तारीख नंतर, आधी पाणी विचार

पोरी,

पक्षी बघायच्या सहलीचं तुझं कोष्टक मिळालं. चार दिवस, सात ठिकाणं. मेहरूण तलाव, हतनूर, अनेर, नकाणे, लळिंग, तोरणमाळ आणि परतताना नांदूर मध्यमेश्वरसुद्धा. प्रत्येकापुढे पोहोचायची वेळ, निघायची वेळ, चहाची वेळ. खाली प्रश्न: ‘काका, दिवाळीची सुट्टी धरू की नाताळची?’

तीनदा वाचलं. धरणांची नावं आहेत, तलावांची आहेत, पण त्यात पाणी किती असेल हा रकानाच नाही.

आधी पाणी विचार, मग तारीख ठरव. हे वाक्य मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे. कंटाळलीस तरी लिहिणार आहे.

हतनूरचंच घे. तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर, तरी तू ते देवळासारखं लिहिलंयस, गेलं की दर्शन. धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि पक्षी दरवाज्यांपाशी नसतात. ते वर फुगवट्यात, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्यात असतात, चांगदेवला पूर्णा तापीला मिळते त्या अंगाला. दोन्ही नद्यांनी तिथे भरमसाट गाळ आणून टाकलाय. आमच्या पाटबंधाऱ्यातल्या साहेबांना तो आजार वाटायचा, आणि साठ्याच्या हिशेबाने ते खरंच आहे. पण त्या गाळामुळेच फुगवटा उथळ आहे. तलवार बदक बुडी मारत नाही, डोकं खाली आणि शेपूट वर करून मान पोहोचेल तेवढंच खातं. थापट्या वरवरचं पाणी गाळून जेवतो. लालसरी बुडी मारते, तिला खोल चालतं. तुतवार, टिलवे, चिखल्या यांना तर पाणी नकोच असतं, नुकता उघडा पडलेला ओला चिखल हवा असतो. काठोकाठ भरलेलं हतनूर आणि हातभर उतरलेलं हतनूर ही पक्ष्यांच्या लेखी दोन वेगळी गावं आहेत.

पावसाळा सरताना धरण भरून घेतात. रब्बीचं आवर्तन, म्हणजे पिकांसाठी कालव्याचं पाणी, सुटलं की काठ हळूहळू मोकळे होतात, माणसं गाळपेर करायला उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग चिखलावर टिलवे. म्हणून दिवाळीला गेलीस तर पाणी तुडुंब आणि बरीचशी बदकं अजून वाटेत. धोबी आणि तुतवार तेवढे भेटतील, ते सप्टेंबरपासूनच येऊ लागतात. नाताळ बरा. पण ‘नाताळ पक्का’ असं मी लिहून देणार नाही.

एकदा लिहून दिलं होतं. बाहेरगावचे पाहुणे होते, तारीख दोन महिने आधी ठरलेली. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला, पाणी काठावरच्या बाभळींच्या बुंध्याला लागलेलं. दोन दिवस वारकरी पाखरं आणि राखी बगळे दाखवून मी वेळ मारून नेली. तिसऱ्या सकाळी लांब एका उंचवट्यावर पट्टकदंबांचा थवा बसलेला दिसला. ते रात्री हरभऱ्यात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. पाहुण्यांना उडतानाचे फोटो हवे होते. मी ओळखीच्या भोयाला सांगितलं, नाव जरा तिकडून फिरव. थवा उठला. कॅमेरे खडखडले, कोणीतरी ‘पैसे वसूल’ म्हणालं आणि मी हसलो.

पुढचे आठ दिवस मी रोज गेलो. त्या उंचवट्यावर कोणी बसलं नाही. हिमालय ओलांडून आलेली पाखरं मी फोटोसाठी उठवली होती.

मी काही वाईट माणूस नव्हतो. लोकांनी रजा टाकल्या होत्या, जेवणं सांगून ठेवली होती, तिसरा दिवस होता. तारखेनं माझ्याकडून ते करून घेतलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे मला चारचौघांत जाणकार ठरायचं होतं. त्यानंतर ठरलेल्या तारखेला कोणालाही न्यायचं नाही, असं मी ठरवलं. मंडळी नाराज झाली. हेकट म्हणाली, हळूहळू बोलवेनाशी झाली. तरी त्या बाबतीत मी बरोबर होतो. आजही म्हणतो, बरोबर होतो.

असो. तुझ्या कोष्टकातून तोरणमाळ आत्ता काढ. रानपिंगळ्यासाठी टाकलंयस हे कळतंय. पण तो काही पाहुणा पक्षी नाही, बारमाही इथलाच. शेवटचा खात्रीचा नमुना १८८४चा, आणि पुन्हा दिसला १९९७च्या नोव्हेंबरात, आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात, भरदिवसा. ११३ वर्षं सापडला नाही तो, तुझ्यासाठी आणखी एक हिवाळा थांबेल. जाशील तेव्हा वेगळी जा. आणि मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावलंस तर मला तोंड दाखवू नकोस.

नांदूर मध्यमेश्वरही काढ. ते खान्देशात नाही, आणि शेवटच्या दुपारी पेंगुळलेल्या डोळ्यांनी बघायची जागा तर मुळीच नाही.

बाकीचीही खोड. उरलं एक पाणी आणि एक माळ. हतनूर आणि लळिंग. हो, एवढंच. भुसावळ ते धुळं रस्ता तू झोपेत चालवशील.

माळावर पाणी म्हणजे गवत. पाऊस बरा झाला तर गवत, गवत असेल तर नाकतोडे आणि उंदीर, ते असतील तर भोवत्या हे शिकारी पक्षी. दिवसभर ते शेतांवरून खाली खाली तरंगत फिरतात आणि सूर्य कलला की उभ्या गवतात, जमिनीवर मुक्कामाला उतरतात, एकेक करून, कधी बरेच एकत्र. कुरणाचं गवत कापून झालं असेल तर ते दुसरीकडे जातात आणि तू रिकाम्या माळावर बसतेस. तेव्हा लळिंगला सकाळी नऊची वेळ टाकलीयस ती खोड. सकाळ पाण्याला, संध्याकाळ माळाला. गुराखी भेटेल, ‘काय देखी ऱ्हायनी ताई?’ विचारेल. नीट सांग त्याला, दुर्बीण दे हातात. गवत कुठलं कापलं, कुठलं उभं आहे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

पाणी विचारायचं कसं? धरणांचे साठे वर्तमानपत्रात येतात, पण टक्क्यावर जाऊ नकोस. चांगदेवच्या घाटावर नाववाल्याला एवढंच विचार, चिखल उघडा पडला का? डिसेंबर-जानेवारीतले तीन शनिवार-रविवार मोकळे ठेव आणि त्यातला एक त्याच्या उत्तरावर निवड. साहेबाकडे रजा आधी टाकावी लागते म्हणशील. लागते. मीही पस्तीस वर्षं नोकरीच केली, घरची दोन लग्नं चुकवली या नादात, आणि त्यावरून तुझी काकू अजून बोलते.

सकाळी सूर्य पाठीमागे राहील अशा काठाला बस, लाल जॅकेट घरी ठेव, हरभऱ्यात पाय घालू नकोस, बांधावरून चाल. पक्ष्याने चरणं थांबवून मान ताठ केली की तू जास्त जवळ गेलीस, तिथूनच मागे फीर. भरीत रात्री खायचं. बामणोदची वांगी मी आणून ठेवतो.

गाडीत मागे एक जागा ठेवशील का? गुडघा चालू देत नाही, काठावर उतरणार नाही. घाटापर्यंत येईन, त्या नाववाल्याला मीच विचारेन.

तुझा,
काका