मधुमेह असलेल्या वृद्ध रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी ॲक्युपंक्चर घ्यावे का?

आपल्या आईंचे वय ७२ आहे, त्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे, पुढच्या महिन्यात पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि त्याआधी ॲक्युपंक्चरची काही सत्रे घेतल्यास साखरही उतरेल व भूलही चांगली सोसेल, असे कोणीतरी सुचवले आहे, असा आपला प्रश्न आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. स्वतः ॲक्युपंक्चर करत नाही. त्यामुळे हे उत्तर शस्त्रक्रियागृहात उभे राहून दिलेले आहे, असे समजून वाचावे.

आधी साखरेविषयी. शस्त्रक्रिया तोंडावर आलेली असताना साखर आटोक्यात आणण्यासाठी सुयांवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी एचबीए१सी (रक्तातील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) शक्यतो ८ टक्क्यांच्या खाली असावे आणि शस्त्रक्रियेच्या सुमारास रक्तातील साखर १०० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर राहावी, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. तेथवर नेणारी साधने आहार, गोळ्या आणि इन्सुलिन हीच आहेत. शिवाय एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. चार-सहा सत्रांनी तो बदलत नाही.

ॲक्युपंक्चरची खरी बाजू वेगळीकडेच आहे, ती म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलटी. मनगटाच्या आतल्या बाजूस, घडीपासून साधारण तीन बोटे वर, दोन स्नायुबंधांच्या मध्ये नेईग्वान किंवा पी-६ नावाचा बिंदू आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ समितीने १९९७ मध्येच या उपयोगाची अनुकूल दखल घेतली होती, आणि कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात तर ५९ चाचण्या एकत्र तपासल्यावर या बिंदूच्या उत्तेजनाने मळमळ व उलटी दोन्ही खोट्या उपचाराच्या तुलनेत कमी झाल्याचे दिसले. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत मला हे विशेष महत्त्वाचे वाटते. उलटी टाळण्यासाठी आम्ही सर्रास वापरतो ते डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असून त्याने साखर वाढते. दुसरीकडे, उलट्या होत राहिल्या तर रुग्णाला खाता येत नाही आणि इन्सुलिनची मात्रा ठरवणे अवघड होऊन बसते. त्यातच दीर्घकाळच्या मधुमेहाने जठराच्या नसा मंदावलेल्या असतील, तर पोट रिकामे व्हायलाच वेळ लागतो. (ही शेवटची अडचण सुईने सुटते असे मात्र समजू नये, जेवणानंतर फार वेळ पोट जड राहत असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावे, कारण भूल देताना अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.)

यासाठी महिनाभर आधीपासून सत्रे घेण्याची आवश्यकता नाही. उत्तेजन शस्त्रक्रियेच्या सुमारास, म्हणजे भूल देण्याच्या थोडे आधी किंवा भूल चालू असताना दिले जाते, आणि सुई नको असेल तर याच बिंदूवर दाब देणारा मनगटी पट्टाही चालतो. कॉक्रेनच्या आढाव्यात अशा पट्ट्यांच्या चाचण्याही होत्या. आईंसाठी मी तोच सुचवेन.

शस्त्रक्रियेची भीती कमी करण्यासाठी कानावरील ॲक्युपंक्चरचाही काही उपयोग दिसून आला आहे. वृद्धांना गुंगीची औषधे दिल्यास नंतर भ्रम होण्याची शक्यता वाढते, म्हणून तेवढ्यापुरता हा पर्याय विचारात घेता येईल.

तरीही सत्रे घ्यायचीच असतील, तर आईंच्या पायांची संवेदना आधी तपासून घ्यावी. बधिर पायाला सुई खोल गेलेली कळत नाही, आणि सुईसोबत शेक देण्याची पद्धत असेल तर भाजल्याचेही कळत नाही. शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी पायाला चिघळलेली जखम झाली, तर शस्त्रक्रियाच लांबणीवर पडते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर ते सांगितल्याशिवाय सुई लावू देऊ नये. पेसमेकर असल्यास विजेवरचे ॲक्युपंक्चर टाळावे. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरण्याच्या असाव्यात.

सुयांची चौकशी करता करता गोळ्यांची चौकशी राहून जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. आईंच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल, तर ती शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवावी लागते, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन नावाची आम्लद्रव्ये साचून प्रकृती गंभीर होऊ शकते. मात्र हा बदल स्वतःहून न करता डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

सत्रासाठी आईंना उपाशीपोटी नेऊ नये आणि ग्लुकोमीटर सोबत ठेवावा. सुया लावल्यावर काहींना घाम येऊन चक्कर येते, आणि साखर उतरल्यावरही नेमके तसेच होते. तेव्हा सुया काढून लगेच साखर मोजावी आणि ती ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज द्यावे. असे काही घडले, तर शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत भूलतज्ज्ञांना ते तारखेसह सांगावे.