कुपवाडहून तमिळनाडूतल्या होसूरला ३ पॅलेट पार्ट लोडने (इतरांच्या मालासोबत एकाच गाडीत) पाठवले, बिल दुप्पट आलं आणि पॅलेट फोडून माल सुटा पोहोचला. कुठे चुकलं?

प्रश्नातला तपशील थोडक्यात असा: सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतलं लहान युनिट, पावडर कोटिंग केलेले पत्र्याचे पॅनेल बॉक्स. प्रत्येक पॅलेटवर २७ खोकी, वजन २६० किलो, अशी ३ पॅलेट. किलोला ९ रुपये दर ठरला, म्हणजे ७८० किलोचे ७,०२० रुपये धरले होते. बिल आलं १५,००० चं, वर आणखी चार्जेस. आणि होसूरला पॅलेट नव्हे, सुटी खोकी उतरली.

आधी बिलाचं बघू. ट्रान्सपोर्टने फसवलं असं मला वाटत नाही. दर ठरवताना एक प्रश्न विचारायचा राहिला: सीएफटी किती, म्हणजे एका घनफुटाला किती किलो धरणार?

पार्ट लोडमध्ये प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्यावर भाडं लागतं. हिशेब असा होतो. लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले २७,०००, म्हणजे घनफूट. त्याला ठरलेल्या सीएफटीने गुणायचं. हा आकडा ६, ७, ८ किंवा १० असतो. तुमचं पॅलेट लाकडासकट १२० × १०० × १२५ आहे. गुणाकार १५ लाख, भागिले २७,००० म्हणजे ५५.५६ घनफूट. १० ने गुणलं की ५५६ किलो. तीन पॅलेटचे १,६६७ किलो, गुणिले ९, झाले १५,००३ रुपये. बिल इथून आलं.

हाच माल ८ सीएफटीला १,३३३ किलो होतो आणि ६ ला १,०००. म्हणून हलक्या मालाला किलोचा दर घासाघीस करून ५० पैशांनी उतरवण्यापेक्षा सीएफटी १० चा ८ करून घेणं कितीतरी फायद्याचं. आणखी एक बारीक गोष्ट: घनफुटात खरं तर २८,३१७ घनसेंटिमीटर असतात. २७,००० ही सोयीची गोळाबेरीज, आणि सोय अर्थातच ट्रान्सपोर्टची. कोटेशनवर भाजक आणि सीएफटी दोन्ही लिहून घ्या.

ओतकाम, शाफ्ट, गिअर असा जड माल पाठवणाऱ्यांना ही भानगड नाही, तिथे प्रत्यक्ष वजनच वरचढ ठरतं. पत्रा, प्लॅस्टिक, फोम, खाण्याची पाकिटं यांना मात्र उंचीच मारते. तुमच्या ३७ सेंटीमीटर उंच खोक्यात वर रिकामी जागा असेल आणि ते ३३ वर आणता आलं, तर तीन थरांत १२ सेंटीमीटर वाचतात. पॅलेट ११३ चं होतं, एकूण आकारी वजन १,६६७ वरून १,५०७ वर येतं. एका खेपेला १,४४० रुपये. खोकीवाल्याला नवीन माप द्यायला पैसे लागत नाहीत.

वरचे चार्जेस: डॉकेट किंवा बिल्टी (माल घेतल्याची पावती) चार्ज, हमाली, डिझेल सरचार्ज, घरपोच उचल आणि घरपोच डिलिव्हरी, बीजक किमतीवर टक्क्याने लागणारा जोखमीचा आकार म्हणजे एफओव्ही, आणि ठिकाण त्यांच्या नेहमीच्या हद्दीबाहेर असेल तर ओडीए. दर विचारताना ‘होसूर पोहोच, सगळं धरून किती’ असंच विचारा. पत्ता एमआयडीसीसारख्या वसाहतीतला आहे की बाजूच्या गावातला, हे पिनकोडसकट सांगा, नाहीतर ओडीए नंतर डोकं वर काढतो. माल गोडाऊन डिलिव्हरीने पाठवला आणि घेणाऱ्याने उचलला नाही तर डॅमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, सुरू होतं, तेही दर दिवसाला.

आता पॅलेट का फुटलं. पार्ट लोडचा माल एका गाडीत चढून तिथेच उतरत नाही. कुपवाडहून छोट्या टेम्पोने सांगलीच्या गोडाऊनला, तिथून क्रॉसिंगला (गाडी बदलायला) कोल्हापूर किंवा पुणे, मग बंगळूर, मग स्थानिक गाडीने होसूर. हो, दक्षिणेचा माल आधी उत्तरेला पुण्याला जाऊन पुन्हा कराड-कोल्हापूरवरून खाली येऊ शकतो. ज्याचं क्रॉसिंग पुण्याला, त्याचा रस्ता तोच. या प्रत्येक ठिकाणी तुमचं पॅलेट उतरतं आणि चढतं. यातल्या एखाद्या जरी गोडाऊनला फोर्कलिफ्ट नसेल तर २६० किलोचं पॅलेट हमाल उचलणार कसं? गुंडाळलेली प्लॅस्टिक फिल्म कापतात, खोकी हातोहात उतरवतात, पॅलेट कोपऱ्यात राहतं. यात हमालांचा दोष नाही.

म्हणून बुकिंगच्या आधी विचारायचं ते हे: माल किती ठिकाणी क्रॉसिंग होणार, आणि प्रत्येक ठिकाणी फोर्कलिफ्ट आहे का? ‘होऊन जाईल’ असं उत्तर आलं तर समजा की नाही. शेवटच्या टप्प्यावर तर हमखास अडतं. डिलिव्हरीची गाडी साधा पिकअप असते, तिला मागे लिफ्ट नसते. होसूरच्या कंपनीकडे फोर्कलिफ्ट आहे का आणि ती किती वाजेपर्यंत चालू असते, हे तुम्हीच फोन करून विचारा.

मशीन सगळीकडे मिळणार नसेल तर मोठ्या पॅलेटचा हट्ट सोडा. दोन माणसांना उचलेल असं ४०-५० किलोचं बंडल बांधा. फोडलेल्या पॅलेटपेक्षा ते सुखरूप जातं.

बिल्टीवर नगसंख्या कशी लिहिली, यावर बरंच अवलंबून असतं. ‘८१ खोकी’ लिहिलं की प्रत्येक क्रॉसिंगला ८१ मोजावी लागतात, आणि मोजायला पॅलेट उघडतात. नुसतं ‘३ पॅलेट’ लिहिलं तर उघडत नाहीत, पण आतून दोन खोकी गेली तर ट्रान्सपोर्ट म्हणणार, आम्ही तीन नग घेतले, तीन नग दिले. मी ‘३ पॅलेट, आत ८१ खोकी असल्याचे पाठवणाऱ्याचे म्हणणे’ असं लिहायला सांगेन, सोबत मापं आणि पॅलेटसकट वजन. काट्यावरच्या आकड्याचा आणि चारही बाजूंचा फोटो काढून ठेवा. पुढे वजनात फरक दाखवून बिल आलं तर हाच फोटो कामाला येतो. लेबल प्रत्येक पॅलेटवर दोन शेजारच्या बाजूंना, १/३, २/३, ३/३ असं. आतल्या प्रत्येक खोक्यावरही घेणाऱ्याचं नाव आणि फोन हवा, कारण पॅलेट फुटलंच तर सुटं खोकं बेवारस होतं.

बांधणी. १२०० × १००० चं चारही बाजूंनी फोर्क जाणारं पॅलेट घ्या. दोनच बाजूंनी जाणारं असेल तर गाडीत आडवं-उभं फिरवता येत नाही. पॅलेट ट्रॉलीचे दात खाली केल्यावर साधारण ८५ मिलिमीटर उंच असतात, म्हणून खालची मोकळी जागा १०० मिलिमीटर हवी. खोकी पॅलेटच्या कडेबाहेर बोटभरही नकोत. खोक्याची ताकद त्याच्या कोपऱ्यांत असते आणि कोपरा हवेत लटकला की वरचा सगळा माल पत्त्यांच्या बंगल्यासारखा खाली बसतो. तुमची ४० × ३३ ची खोकी एका थरात ९ बरोबर बसतात. ती कोपऱ्यावर कोपरा अशीच रचा.

लोकांची नेहमीची चूक म्हणजे फिल्म फक्त मालाला गुंडाळणं. मग पॅलेट खाली आणि माल वर, दोघांचा संबंध नाही. ब्रेक लागला की माल सरकला. फिल्मची सुरुवात पॅलेटच्या ठोकळ्याला गाठ मारून करा, खालचे ३-४ वेढे लाकूड आणि पहिला थर दोन्ही धरून द्या, मग निम्मी फिल्म मागच्या वेढ्यावर येईल असं वर जा. हाताने गुंडाळायला २३ मायक्रॉनची फिल्म घ्या. चारही उभ्या कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे अँगल लावा. त्यावरून पीईटी (प्लॅस्टिकची) पट्टी, दोन लांबीत, दोन रुंदीत. पट्टी वरच्या फळ्यांखालून ओवायची. अगदी तळाच्या पट्टीखालून घेतली तर फरशीवर घासून पहिल्या गोडाऊनलाच तुटते.

वर प्लॅस्टिकची शीट हवीच. पाऊस हे एक कारण. दुसरं म्हणजे सांगलीच्या गोडाऊनला शेजारी काय असेल याचा नेम नाही. हळदीची पोती शेजारी किंवा वर आली तर तुमचे पांढरे पॅनेल पिवळे होऊन पोहोचतील. वर माल रचलेला चालणार नसेल तर पुठ्ठ्याचा शंकू चिकटवा आणि बिल्टीवरही तसं लिहा. मात्र त्यासाठी काही ठिकाणी गाडीच्या पूर्ण उंचीचं भाडं लावतात, आधी विचारा.

ई-वे बिलात, म्हणजे जीएसटीखाली माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदात, दिवस फुकट जातात ते असे. परराज्यात ५०,००० च्या वरच्या मालाला ते लागतं, आणि जॉबवर्कसाठी परराज्यात जाणाऱ्या मालाला किंमत कितीही असो. वैधता २०० किलोमीटरला एक दिवस. होसूर सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे ४ दिवस. हे दिवस भाग ब मध्ये गाडी नंबर पहिल्यांदा भरल्यापासून मोजतात. राज्यातल्या राज्यात तुमच्या दारापासून ट्रान्सपोर्टपर्यंत ५० किलोमीटरच्या आत असेल तर भाग ब भरायची गरज नसते. तरी लोक टेम्पोचा नंबर टाकून मोकळे होतात, आणि माल सांगलीच्या गोडाऊनला पडून असतानाच दोन दिवस संपतात. तुम्ही भाग अ भरा, ट्रान्सपोर्टरचा आयडी टाका आणि थांबा. भाग ब साठी १५ दिवस मिळतात, तो मोठी गाडी निघताना ट्रान्सपोर्टर भरेल. मुदत वाढवायची तर ती संपण्याआधी ८ तास ते नंतर ८ तास एवढीच खिडकी असते. पार्ट लोडच्या गाडीत एकाच्या कागदात चूक निघाली की सगळी गाडी अडते, म्हणून ट्रान्सपोर्टचा कारकून पिनकोडवरून वाद घालत असेल तर घालू द्या.

जोखीम. कॅरेज बाय रोड कायदा २००७ आणि त्याखालचे २०११ चे नियम यांनुसार, जास्त जोखमीचा दर भरला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. भाडं १५,००० तर जास्तीत जास्त दीड लाख. माल ३,२०,००० चा असेल तर उरलेल्याचं काय? बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ (जोखीम मालाच्या मालकाची) शिक्का असताना एफओव्हीचे पैसे भरले म्हणजे विमा झाला, असं समजू नका. स्वतःची ट्रान्झिट पॉलिसी काढा, आणि ती आयटीसी-ए (इनलँड ट्रान्झिट क्लॉज ए, जास्तीत जास्त धोके धरणारी) आहे का बघा. बी मध्ये आग, टक्कर, गाडी उलटणं येतं. गोडाऊनला आपटून पॅनेल चेपलं तर ते बी मध्ये येत नाही.

होसूरच्या माणसाला आधीच सांगून ठेवा: सही करण्याआधी पोहोचपावतीवर आकड्यांत लिहायचं, ‘पॅलेट २/३ ची फिल्म फाटलेली, ७९ खोकी मिळाली, ३ चेपलेली’. ‘तपासून घेणार’ एवढ्या शेऱ्याचा उपयोग नाही. फोटो गाडी उभी असतानाच काढायचे, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवायचं, आणि ट्रान्सपोर्टला लेखी नोटीस द्यायची. कायद्यात त्यासाठी १८० दिवस आहेत, पण ते बुकिंगच्या तारखेपासून मोजतात, डिलिव्हरीच्या नव्हे.

शेवटी, १,६६७ किलोचं भाडं भरणारच असाल तर पुढच्या वेळी दहा फुटी बॉडीच्या पिकअपचाही दर काढा. १००० ची बाजू लांबीत ठेवली तर तिन्ही पॅलेट एका रांगेत बसतात, ७८० किलो तिला जड नाही, आणि मध्ये एकही क्रॉसिंग नाही. मिरज-कुपवाडला माल खाली करून कर्नाटक-तमिळनाडूकडे परतणाऱ्या गाडीचा दर नव्या गाडीपेक्षा कमी पडतो. त्यासाठी ब्रोकरला दोन दिवस आधी सांगून ठेवावं लागतं.