रोज शहरात २०-२५ किलोमीटर सायकल चालवतो. दिवाळीनंतर कोयनेच्या खोऱ्यात सातारा, कास, बामणोली आणि पुढे नदीच्या काठाकाठाने कोयनानगर अशी तीन-चार दिवसांची सायकल सहल झेपेल का? एकट्याने जाऊ का? मार्ग, सायकल, मुक्काम कसा ठरवावा?

झेपेल. फक्त तुम्ही लिहिलेल्या मार्गातला एक तुकडा आत्ताच काढून टाका. सातारा, कास, बामणोली इथपर्यंत ठीक आहे. पण त्यापुढे ‘नदीच्या काठाकाठाने कोयनानगर’ असं जे लिहिलंय, तसा रस्ताच नाही.

नकाशा बघून इथे बरेच जण फसतात. नदीच्या खोऱ्यातून सायकल म्हटलं की आपल्याला पाण्याच्या कडेने जाणारा, फारसा चढउतार नसलेला रस्ता दिसायला लागतो. एरवी ते बरोबरही असतं; नदीने उतार शोधून ठेवलेला असतो, रस्ता तिच्या मागून जातो. कोयनेचं तसं राहिलेलं नाही. महाबळेश्वरला उगम पावून ती सह्याद्रीच्या दोन रांगांमधून सरळ दक्षिणेला येते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. कोयनानगरला १९६० च्या दशकात १०३ मीटर उंचीचं धरण झालं, आणि वरच्या बाजूचं खोरं, म्हणजे गावं, भातखाचरं, काठच्या वाटा, सगळं शिवसागर जलाशयाखाली गेलं. धरणात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी मावतं. आता जे रस्ते आहेत ते डोंगराच्या माथ्यावरून जातात किंवा माथ्यावरून खाली येऊन पाण्यापाशी संपतात. पलीकडचा, पश्चिमेचा काठ म्हणजे कोयना अभयारण्य. २०१० पासून ते आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. तिथे सायकल घेऊन घुसायचा विचारही नको.

त्यामुळे या भागात किलोमीटर मोजून दिवस आखले की गणित बिघडतं. चढ किती आणि पाणी कुठे आडवं येतं, एवढंच बघायचं. रोज २५ किलोमीटर मारणाऱ्याला ४० किलोमीटर काहीच नाही, पण त्यात पाचशे मीटर चढून तेवढंच उतरायचं असेल आणि शिवाय लाँचची वाट बघायची असेल, तर दिवस संपला.

मी तुमच्या जागी असतो तर सातारा, कास, जलाशयाच्या काठचं बामणोली, तिथून लाँचने तापोळा, महाबळेश्वर, मग केळघर घाटाने मेढा आणि परत सातारा अशी फेरी केली असती. गाडी साताऱ्यात लावा किंवा एसटीने या. तीन दिवसांत होते, पण हातात चार ठेवा.

पहिल्या दिवशी सातारा सोडलं की अंग गरम व्हायच्या आत यवतेश्वरचा घाट लागतो. सातारा शहर साधारण ७०० मीटरच्या वर आहे, कास पठार १,२०० मीटरवर; मधलं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. त्यातला सगळ्यात कडक चढ सुरुवातीलाच आहे, म्हणजे वाईट तेवढं सकाळीच उरकतं. यवतेश्वरच्या वर आलात की रस्ता डोंगराच्या सोंडेवरून जातो. उजवीकडे खाली कण्हेर धरणाचं पाणी, डावीकडे उरमोडीचं, आणि त्याच बाजूला सज्जनगड. मला विचाराल तर अख्ख्या फेरीतला हा सर्वात देखणा तुकडा, खुद्द कासपेक्षाही. दिवाळीनंतर कासवर फुलं नसतात. ती ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि त्या दिवसांत शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगेतून सायकल काढणं ही शिक्षा आहे. नोव्हेंबरात गवत सोनेरी झालेलं असतं, रस्ता मोकळा असतो. फुलांची हळहळ करू नका.

कास तलाव मागे टाकला की झाडी दाट होते आणि बामणोलीचा उतार सुरू होतो. इथे मजेपेक्षा ब्रेककडे लक्ष. ब्रेक दाबून धरून संपूर्ण घाट उतरू नका. रिम तापते, पॅड चकाकून गुळगुळीत होतात आणि नेमक्या वळणावर पकड सुटते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पाडायचा, वळणात सोडायचे, पुढे पुन्हा. वळणांवर खडी आणि सावलीतल्या भागात ओला पाचोळा असतो. पुढचा ब्रेक पाचोळ्यावर लावलात की सायकल एकीकडे, तुम्ही दुसरीकडे.

बामणोलीत मुक्काम करा. घरगुती राहण्याची सोय होते, जेवण सांगितल्यावर करतात. दुपारी पोचून लगेच सांगा, रात्री आठला जाऊन मेनूकार्ड मागू नका. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, खात असाल तर जलाशयातले मासे. या भागातल्या घराघरातलं कोणीतरी मुंबईत असतं. जावळी-पाटणची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिकडे माथाडी काम करत आलीत, त्यामुळे एरवी गावात म्हातारी माणसं जास्त दिसतात आणि त्यांना बोलायला वेळ असतो. एक दिवस हातात ठेवा म्हटलं ते इथल्यासाठी: पलीकडच्या वासोटा किल्ल्यावर जायचं असेल तर बामणोलीतूनच वनखात्याची परवानगी आणि लाँच घ्यावी लागते. सायकल गावात, तुम्ही पलीकडे पायी, संध्याकाळच्या आत परत. किल्ल्यावर मुक्कामाला परवानगी नाही.

दुसऱ्या टप्प्याला बामणोली ते तापोळा. मधे सोळशी नदीच्या बाजूला गेलेल्या जलाशयाच्या फाट्याचं पाणी आडवं येतं. लाँचवाल्याशी आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवा. सकाळी अचानक सायकल घेऊन उभे राहिलात तर लाँच वासोट्याच्या गटाला लागलेल्या असतात. भाडं अख्ख्या लाँचचं असतं, म्हणून दोघं-तिघं असाल तर परवडतं. या पट्ट्यात पुलांची कामंही चालू आहेत, तेव्हा रस्त्याने जाता येतं का ते गावातच विचारा. गुगलच्या निळ्या रेषेवर जाऊ नका. ती पाण्यातूनसुद्धा नेते.

लाँचवर सायकल चढवणं तसं सोपं, पण घाई नको. आधी सामान उतरवायचं, मग सायकल आडवी न ठेवता उभीच कठड्याला बांधायची. चेनची बाजू आतल्या अंगाला. एका लाँचवाल्याने नायलॉनच्या दोरीने माझी सायकल अशी आवळली होती की पलीकडे गाठ सोडायलाच वेळ लागला. मागची दात्यांची चकती बोटाने फिरवून बघत म्हणाला, “पाव्हणं, एवढे गेर हायती, मग तापोळ्याचा चढ तुमाला कशाला लागतुय?” लागला. पावसाळा संपताना पाणी काठोकाठ असतं, तेव्हा लाँच अगदी रस्त्याच्या टोकाला लागते. पुढे वीजनिर्मितीसाठी आणि सिंचनासाठी पाणी जसं जातं तशी पातळी उतरते आणि एप्रिल-मेपर्यंत काठाला चिखल-मातीचा रुंद उघडा पट्टा तयार होतो. त्या दिवसांत सायकल खांद्यावर घेऊन चालायचं. दिवाळीनंतरचा तुमचा बेत या दृष्टीने उत्तम.

तापोळा ते महाबळेश्वर तीसेक किलोमीटर. तापोळा पाण्याच्या पातळीला, म्हणजे साधारण ६६०-६८० मीटरवर. महाबळेश्वर १,३५० च्या वर. कागदावर चढ सातशे मीटर दिसतो, प्रत्यक्षात जास्त पडतो, कारण रस्ता मधेमधे कमावलेली उंची खर्च करतो. हा दिवस तुमची परीक्षा बघणार. सकाळी सातला निघा, दर अर्ध्या तासाला थोडं खा, भूक लागायची वाट बघू नका. गूळ-शेंगदाणे, केळी, पाण्यात मीठ-साखर-लिंबू पुरे. महागड्या जेलची गरज नाही. उतरून सायकल ढकलायला लाजू नका. वाटेत झाडीही चांगली आहे, शेकरूचा आवाज ऐकू येतो. डिसेंबरपासून वरच्या गावांत स्ट्रॉबेरी सुरू होते. महाबळेश्वर बाजारपेठेत मात्र मी थांबत नाही. दोन-तीन दिवस शांततेत घालवून तिथल्या हॉर्नमध्ये शिरणं नको वाटतं. जरा अलीकडे-पलीकडे खोली बघा.

गव्यांबद्दल वेगळं सांगतो, कारण सायकलचा आवाज होत नाही आणि वळणावर तो एकदम पुढ्यात येतो. पहाटे आणि सांजेला ते रस्ता ओलांडतात. दिसला की थांबा, घंटी वाजवू नका, टॉर्च डोळ्यांवर मारू नका, फोटोसाठी पुढे सरकू नका. तो स्वतःच्या वेळेने जातो. एक गेला म्हणून लगेच निघू नका, मागे कळप असतो. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि खोऱ्यात अंधार त्याच्या आधीच भरतो. पाच वाजता मुक्कामी, हा नियमच करा.

शेवटचा दिवस बक्षिसाचा. महाबळेश्वरहून केळघर घाट उतरलात की वेण्णेच्या खोऱ्यात येता आणि मेढ्यावरून साताऱ्यापर्यंत पन्नास-पंचावन्न किलोमीटर बहुतेक उतार. तुमच्या डोक्यात होता तसा नदीच्या सोबतीचा रस्ता इथे मिळतो.

सायकल नवी घेऊ नका. तुमची हायब्रिड असेल तर चालेल, पण एक गोष्ट तपासा: पुढची सर्वात लहान चकती आणि मागची सर्वात मोठी चकती यांचे दाते मोजा. पुढे ३० आणि मागे ३२-३४ असेल तर उत्तम. पुढे ४२ आणि मागे २८ असेल तर गुडघे बोलायला लागतील. मागच्या चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, बदलून घ्या, फार खर्च नाही. टायर ३२ ते ३८ मिलिमीटरचे, शहरात भरता त्यापेक्षा हवा किंचित कमी. सामान पाठीवर नको, कॅरिअरला दोन बाजूंना पिशव्या लावा आणि सहा-सात किलोच्या आत राहा. निघण्याआधी तेवढंच वजन लादून जवळच्या एखाद्या घाटात जाऊन या. पुण्याचे असाल तर सिंहगडाचा रस्ता किंवा दिवे घाट आहेच.

पंक्चर स्वतः काढता आलंच पाहिजे. दोन ट्यूब, पॅच, लिव्हर, हातपंप, चेनची एक जोडकडी. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर दहा-वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं नोझल या व्हॉल्व्हवर बसत नाही, आणि भरपूर हवा शेजारी असून तुम्ही हातपंप मारत बसता.

कोयनानगर बघायचंच असेल तर ती वेगळी सहल करा: कराड, पाटण, हेळवाक. धरणाच्या खाली कोयना अजून वाहती नदी आहे, रस्ता तिच्या बाजूने सौम्य चढत जातो. पुढे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. गंमत म्हणजे धरणातलं बरंचसं पाणीही याच दिशेने, बोगद्यांतून पोफळीकडे जातं आणि वीज करून वाशिष्ठीत मिसळतं. एरवी ते कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. मात्र हा कराड-चिपळूण मार्ग ट्रकांचा आहे. पहिल्यांदाच लांब जाणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

एकट्याने जाऊ का, हेही विचारलंत. जाता येतं, पण पहिली फेरी दोघांनी करा. बामणोली-तापोळा पट्ट्यात मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे यूपीआयवर विसंबू नका, सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. जिथून निघाल तिथल्या घरमालकाला आणि जिथे पोचणार तिथल्याला एकमेकांचे नंबर देऊन ठेवा. संध्याकाळपर्यंत पोचला नाहीत तर लाँचवाले आणि जीपवाले यांच्यामार्फत तुमची चौकशी सगळ्यात लवकर होते.