चित्रकलेतलं काहीच कळत नाही, मग म्युझियममध्ये चित्रासमोर उभं राहून नेमकं काय बघायचं?

तुमचा प्रश्न असा की चित्रासमोर उभं राहिल्यावर बघायचं काय, आणि 'अर्थ लावणं' म्हणजे नक्की करायचं काय. मी चित्रकार नाही, जळगावकर आहे. आमच्याकडे पाहुणे आले की अजिंठा ठरलेला, आणि चित्र बघायची सवय मला तिथेच लागली. म्हणून उदाहरणही तिथलंच देतो.

सोळाव्या लेण्यात डाव्या भिंतीवर 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून प्रसिद्ध असलेलं चित्र आहे. अमळनेरची मावशी सोबत होती, तिने यातलं काही ऐकलेलं नव्हतं. बराच वेळ बघून तिने मला अहिराणीत विचारलं, "हिले काय व्हयनं रे?" मग स्वतःच म्हणाली, आजारी बाई अशी बसत नाही, आडवी होते. हिला कोणीतरी काहीतरी सांगितलंय.

आता चित्र बघा. स्त्री बसलेली आहे, डावा हात उशीवर टेकलाय, मान कललीय, डोळे मिटत आलेत. एकजण मागून सावरतेय, दुसरी पंख्याने वारा घालतेय, तिसरी स्वतःच्या छातीशी हात नेऊन तिच्याकडे बघतेय. पांढरी टोपी घातलेला म्हातारा दारातून डोकावतोय. आणि एक सेवक हातात मुकुट घेऊन उभा आहे. सगळी मेख त्या मुकुटात आहे. अभ्यासकांनी या स्त्रीला सुंदरी म्हणून ओळखलं: बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको. नंद भिक्षू झाला, त्याने उतरवलेला मुकुट घरी आला आणि तो बघून ही कोसळली. 'मरणोन्मुख' हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या बघणाऱ्यांनी दिलेलं. ते आधी ऐकलं की माणूस मरण शोधत बसतो आणि मुकुट नजरेतून सुटतो.

म्हणून माझा आग्रह आहे, पाटी आणि गाईड दोन्ही नंतर. आधी पाच मिनिटं नुसतं बघा. कोण कोणाकडे बघतंय? हात काय करताहेत? मी तरी चेहऱ्याआधी हात बघतो. अजिंठ्याच्या चित्रकारांनी बोटांवर जेवढा जीव ओतलाय तेवढा दागिन्यांवरही नाही. मग पाटी वाचा, गोष्ट समजून घ्या आणि परत पहिल्यापासून बघा. दुसऱ्यांदा बघणं कोणी करत नाही, पण खरा आनंद तिथेच आहे.

अर्थ लावताना एकच अट पाळा: जे म्हणाल ते चित्रात बोटाने दाखवता आलं पाहिजे (लांबून हं, भिंतीला हात लावू नका). मावशीला दाखवता आलं, म्हणून तिचं म्हणणं मला पटलं.

चित्र कशाचं बनलंय तेही बघा. इथे दगडावर माती-भुशाचा गिलावा, वर चुन्याचा पातळ थर आणि तो सुकल्यावर रंग: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. पोपडा उडालेल्या जागी हे थर उघडे दिसतात.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या अमूर्त चित्रात, म्हणजे ज्यात ओळखू येणारी माणसं-वस्तू नसतात अशा चित्रात, मात्र गोष्ट शोधू नका. तिथे रंगाचे थर बघा, जवळून आणि मग चार पावलं मागे येऊन.

म्युझियमच हवं असेल तर चाळीसगावला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे. त्यांचे टेबलटॉप फोटो, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून, प्रकाश लावून काढलेले, नजर घासायला फार चांगले. समोर मोठा देखावा आहे असं वाटतं, आणि मग उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडतेय हे शोधावंसं वाटतं.

अजिंठ्याला यायचं तर जळगावहून साधारण ६० किलोमीटर. सोमवारी लेणी बंद असतात. आत फ्लॅश चालत नाही आणि उजेड मंद असतो, तेव्हा डोळे सरावेपर्यंत थांबा. सकाळी लवकर पोचलात तर गर्दीच्या आधी सोळावं लेणं गाठा.