किलकेनी, कॅशेल, केअर: पहिल्यांदा जाताना

पहिल्याच सहलीत सगळं आयर्लंड पालथं घालू नका. दोन दिवसांत किलकेनी, कॅशेल आणि केअर नीट बघून होतात. आधी व्हिसाचं पक्कं करा: शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून रेल्वेने किलकेनी साधारण दीड तास. किल्ल्यापासून सेंट कॅनिस कॅथेड्रलपर्यंत जुनं गाव पायीच फिरा. वाट दगडी आणि पावसात निसरडी, बूट पकड असलेले हवेत.

कॅशेलला टेकडीवरच्या ‘रॉक ऑफ कॅशेल’ या जुन्या तटबंद धर्मस्थळी सकाळी उघडताच पोहोचा आणि कॉरमॅक चॅपलच्या मार्गदर्शित फेरीचं तिकीट सगळ्यात आधी घ्या. 1134 मध्ये पवित्र केलेलं हे चॅपल वालुकाश्माचं आहे. श्वासातली ओल भित्तिचित्रांना बाधते म्हणून आत मोजकेच लोक सोडतात, आणि दुपारी येणारे बाहेरूनच परततात. ही चित्रं चुकवू नयेत, खरंच. टेकडीखालचं होअर ॲबी (जुना मठ) फुकट आहे, चालत जा.

तिथून केअर अठराएक किलोमीटर. बस मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ आधी बघा. गाडी घेतलीत तर आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. केअरच्या किल्ल्यात शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या बराच आधी असतो. सरकारी स्मारकं चार-पाच बघणार असाल तर हेरिटेज कार्डाचा (अशा स्मारकांच्या प्रवेशाचा एकत्रित पास) हिशोब करून बघा.